अर्धा फळा

बाईंना लहानपणापासून एक खोड होती. एखादी गोष्ट अशीच का, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की उत्तर मिळेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नसे. माहेरी त्यांना 'चौकशी खिडकी' म्हणत. सासरी आल्यावर सासूबाईंनी आठवड्याभरातच ओळखलं, की ही सून पातेल्याला पोचा कुणामुळे पडला हे कळल्याशिवाय ते पातेलं जागेवर ठेवायची नाही. पुढे बाई गणिताच्या शिक्षिका झाल्या आणि घरच्यांनी हुश्श केलं. दिवसाचे सहा तास तरी ही चौकशी शाळेत खर्ची पडू लागली.

तर या बाई सेहेचाळिसाव्या वर्षी परदेशात शिकवायला गेल्या. दोन वर्षांचा करार होता. तिकडे गणिताला माणसं मिळत नव्हती, आणि बाईंना तिकडची मुलं बेरीज करताना हातचा कुठे लिहितात हे पाहायचं होतं. तिकडची भाषा त्यांनी वर्षभर शिकवणी लावून पदरात पाडून घेतली होती. बोलताना त्या अडखळत, पण अडत नसत. यजमान पाणीपुरवठा खात्यात, त्यांना एवढी लांब रजा मिळण्यासारखी नव्हती. लेक बारावीला. ती म्हणाली, "आई, तू खुशाल जा. इथे तू दिवसभर विचारतेस, तिथून निदान दिवसातून एकदाच विचारशील."

शाळा विटांची, दुमजली. बाईंना वरच्या मजल्यावरची सात नंबरची खोली मिळाली. तीन मोठ्या खिडक्या, बारा बाकं आणि समोर भिंतभर हिरवा फळा. इतका लांबरुंद फळा उभ्या नोकरीत मिळाला नव्हता, त्यामुळे बाई हरखून गेल्या. मग जवळ गेल्या आणि लक्षात आलं, की याचा वरचा भाग आपल्या काहीच कामाचा नाही. बाईंची उंची चार फूट नऊ इंच. आधीचे मास्तर सहा फुटांच्या वरचे होते म्हणे, आणि फळा त्यांच्या बेताने ठोकलेला होता. बाई टाचा उंचावून, जीभ दातात धरून पाठाचं नाव लिहीत आणि बाकीचं सगळं गणित खाली दाटीवाटीने बसवत. मागच्या बाकांवरची मुलं पुढच्यांच्या डोक्यांवरून माना लांब करून बघत. कोट अडकवायचा हूकही तसाच, आभाळाला टेकलेला. पहिल्या दिवशी बाईंनी उडी मारून कोट अडकवून पाहिला. दाराशी दोन मुली उभ्या होत्या हे त्यांना नंतर दिसलं. तेव्हापासून कोट खिडकीच्या कडीला लटकू लागला.

मुलं पंधरा-सोळा वर्षांची होती आणि गोड होती. पहिल्याच आठवड्यात बाईंच्या तोंडून सवयीने 'शाब्बास' निसटलं. मुलांनी अर्थ विचारला आणि मग तो शब्द त्यांनी उचललाच. पेन्सिल दिली तरी शाब्बास, शिंकलं तरी शाब्बास. बाई रोज अशी एखादी गंमत गाठीला बांधून भाड्याच्या खोलीवर जात आणि फोनवर घरी सांगत. फोन ठेवला की मात्र खोली मोठी वाटायची. रस्त्यात, दुकानात, जिन्यात सगळे हसून मान हलवत, पण आपण चहात साखर किती घेतो हे या अख्ख्या देशात एकालाही माहीत नाही, असं त्यांच्या मनात येई.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी त्या वर्गात आल्या, तर फळ्याखाली एक पायरी होती.

लाकडाची, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सहज पाऊल मावेल इतकी रुंद, कडा गोल घासलेल्या, खालून रबराच्या पट्ट्या मारलेल्या. ताज्या लाकडाचा वास येत होता. बाई वर चढल्या, खडू धरून हात वर केला. खडू फळ्याच्या वरच्या काठाला टेकला. ना बोटभर खाली, ना बोटभर वर.

"ही कुणी आणली?" त्यांनी विचारलं.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आम्हाला वाटलं तुम्हीच आणलीत."

मधल्या सुट्टीत बाई मुख्याध्यापिकांकडे गेल्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडून नाही. इथे साधी खुर्ची मागवायची तर चार फॉर्म भरावे लागतात, आणि खुर्ची येईपर्यंत शिक्षक बदललेला असतो."

संध्याकाळी यजमान फोनवर म्हणाले, "म्हणजे तिकडे तुझं माप काढणारं कुणीतरी भेटलं म्हणायचं."

"तेच तर. माप कधी घेतलं? माझ्या अंगाला टेप लागलेली नाही. पायरी सात इंच आहे, मी मोजली. सहा असती तर काठ गाठता आला नसता, आठ असती तर..."

सासूबाईंनी फोन ओढून घेतला. "अगं, दिलंय ना? मग मुकाट्याने घ्यावं. देणाऱ्याच्या पाठी लागू नये."

"पाठी नाही लागत हो आई. पण कळायला नको?"

"झालं सुरू," म्हणत सासूबाईंनी फोन परत लेकाच्या हातात दिला.

दहा दिवसांनी दाराशेजारी, बाईंच्या खांद्याच्या उंचीवर, एक लाकडी खुंटी आली. टोक गोल, म्हणजे कोटाच्या कॉलरला भोक पडायला नको. त्यानंतर फळ्याच्या डाव्या अंगाला खडू ठेवायची लाकडी खोबण आली. मूळची खोबण उजवीकडे होती. बाई डावखुऱ्या. खडू संपला की त्यांना फळ्याचं अख्खं अंगण ओलांडून जावं लागे, आणि हे त्यांनी कुणालाही बोलून दाखवलं नव्हतं. मग डस्टर आलं. त्याच्या मुठीला अंगठ्यासाठी खळगा होता, आणि तो डाव्या हातातच नीट बसत होता. एका सकाळी तर टेबलाजवळच्या खिडकीच्या फटीत जाड लोकरी कापडाची पट्टी चिकटवलेली दिसली, आणि महिनाभर मानेवर येणारा गार वारा थांबला.

बाई त्या दिवशी खुर्चीत नुसत्याच बसून राहिल्या. आपल्याला कुणीतरी इतकं नीट पाहिलंय, आणि आपण त्या माणसाला पाहिलेलंच नाही, हे त्यांना फार नवलाचं वाटत होतं. सुखही होत होतं. पण सुखापेक्षा कुतूहल मोठं होतं. तो त्यांचा पिंडच होता.

पहिला संशय शेजारच्या खोलीतल्या विज्ञानाच्या मास्तरांवर गेला. ते उंचच उंच, अबोल, डोक्यावर पांढरे केस. बाईंनी मनातल्या मनात त्यांचं नाव दीपस्तंभ ठेवलं होतं. येता-जाता ते सात नंबरच्या दारातून आत नजर टाकत. बाईंनी त्यांना जिन्यात गाठलं आणि मोघम म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी जे करता, त्याबद्दल मी फार आभारी आहे."

दीपस्तंभ कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, "मी प्रयत्न करतो. पण मुलं कधीकधी ऐकत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वर्गातून टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. बाईंना उलगडा व्हायला दोन दिवस लागले. आपला वर्ग गोंगाट करत नाही म्हणून शेजारीण आभार मानतेय, असं त्या भल्या माणसाने समजून घेतलं होतं. आता बिचारी मुलं प्रयोगसुद्धा चवड्यांवर चालत करत होती.

तेव्हा बाईंनी गणिताचा रस्ता धरला. चौकटीच्या कागदावर तक्ता मांडला. कोणती वस्तू कोणत्या दिवशी आली, आदल्या संध्याकाळी खोलीतून शेवटी कोण गेलं, सकाळी आधी कोण आलं, किल्ली कुणाकडे. एकेका नावावर काट मारत गेल्यावर लक्षात आलं, की सगळ्या वस्तू सकाळी साडेसात वाजायच्या आत येतात, आणि त्या वेळी शाळेत शिक्षक कुणीच नसतो. मग उरलं कोण? बाईंची पेन्सिल थांबली. रोज सकाळी आपला फळा स्वच्छ असतो. तो पुसतं कोण, हा प्रश्न आपल्याला आजवर पडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या साडेसहाला शाळेत पोचल्या. वरच्या मजल्यावर दिवे लागले होते. सात नंबरच्या दारात एक बादली होती आणि आत साठीच्या पुढची एक आडव्या बांध्याची बाई फळ्यासमोर उभी होती. हातातलं फडकं कोरडंच होतं. ती फळा पुसत नव्हती, वाचत होती.

चाहूल लागून तिने मागे पाहिलं, बाईंना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "अच्छा. मला वाटलं होतं तुम्ही याहून बारीक असाल. उंची मात्र बरोबर निघाली."

बाईंच्या देशात शाळेत झाडलोट करणाऱ्या बाईला मावशी म्हणायची पद्धत. त्यांच्या मनाने त्या क्षणी या बाईलाही मावशी करून टाकलं, आणि पुढे तोंडानेही तेच म्हणू लागल्या. अर्थ कळल्यावर मावशींनी हरकत घेतली नाही.

"ते सगळं तुम्ही ठेवलंत?" बाईंनी विचारलं.

"ठेवलं मी. केलं माझ्या नवऱ्याने."

"पण तुम्हाला कळलं कसं? आपण तर कधी भेटलोच नाही."

मावशींनी फळ्याकडे बोट केलं. "दोन आठवडे हा वर कोरा असायचा. एवढा मोठा फळा कुणी हौसेने रिकामा ठेवत नाही. हात पोचत नसेल तरच. सर्वांत वरची ओळ वाकडी, थरथरलेली. म्हणजे टाचा उचलून लिहिलेली. ती धरायची नाही. दुसरी ओळ सरळ, म्हणून ती धरायची. तिथून वरच्या काठापर्यंत मी दोरी लावली आणि गाठ मारून घरी नेली. तुमची अक्षरं लिहितानाच पुसली जातात, म्हणजे डावा हात मागून फिरतो. कडीला रोज निळी लोकर अडकलेली असते. आणि ती खुर्ची," त्या टेबलाकडे वळल्या, "मी रोज खिडकीजवळ लावते, आणि रोज ती दोन हात लांब ओढलेली असते. त्या फटीतून वारा येतो हे मला वर्षानुवर्षं माहीत आहे. आधीच्या मास्तरांना कधी थंडी वाजली नाही."

बाई थक्क होऊन ऐकत होत्या. असं उत्तर त्यांना आजवर एकाही विद्यार्थ्याने दिलं नव्हतं.

"मला त्यांना भेटायचंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या यजमानांना. आजच येते संध्याकाळी."

मावशींचा चेहरा बदलला. त्या बाकाच्या कडेवर टेकल्या. "येऊ नका," त्या म्हणाल्या. "रागावू नका, पण एवढ्यात येऊ नका."

मग त्यांनी सांगितलं ते असं. नवरा सुतार, पन्नास वर्षं हातात पटाशी. मागच्या वर्षी घराच्या पायरीवरून पडून खुबा मोडला. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला, पण ते चालेनात. खिडकीशी खुर्ची टाकून बसत. बोलणंही थांबलं. मावशी रोज घरी जाऊन शाळेतल्या काहीबाही गोष्टी सांगत, कुणाच्या बाकात काय सापडलं, कोणता नळ गळतो. ते भिंतीकडे बघत ऐकत. एके दिवशी मावशी म्हणाल्या, सात नंबरचा फळा हल्ली अर्धाच लिहिलेला असतो. तर मान वळवून ते म्हणाले, "अर्धाच का?"

"आठ महिन्यांत त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न," मावशी म्हणाल्या. "मग रोज विचारायला लागले. आज काय दिसलं, अक्षर कसं होतं, खुर्ची कुठे होती. सामानाची पेटी पलंगाखालून ओढायला लावली. तुम्ही समोर आलात की त्यांना सगळं एकदम कळेल. मग विचारायला उरेल काय?"

बाईंना हे लगेच पटलं. उत्तर मिळालं की प्रश्नातला जीव जातो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? "नाही येत," त्या म्हणाल्या. "मी भेटले होते हेसुद्धा सांगू नका."

एरवी बाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. पण हे त्यांनी पाळलं. एवढंच नव्हे, त्या म्हाताऱ्याला प्रश्न कमी पडू नयेत म्हणून त्या कामाला लागल्या. एकदा टेबलाचा खण मुद्दाम अर्धा उघडा ठेवला. एकदा खडूचे तुकडे खिडकीत उंचीप्रमाणे रांगेत लावून ठेवले.

दोन दिवसांनी सकाळी मावशी जिन्यात थांबल्या होत्या. "ते म्हणाले, हे लबाडीचं आहे. खरा माणूस असं काही ठेवत नाही. मी म्हणते, तुम्ही आपलं नेहमीसारखं शिकवा."

बाई ओशाळल्या आणि नेहमीसारखं शिकवू लागल्या. त्या महिन्यात वर्तुळाचा धडा आला.

आता बाईंच्या वर्तुळाची गोष्ट सांगायला हवी. त्या नोकरीला लागल्या तेव्हा शाळेतला फळ्यावरचा लाकडी कंपास पहिल्याच वर्षी मोडला. नवा मागवलाय, असं मुख्याध्यापक अकरा वर्षं सांगत होते. तोवर बाई हातानेच वर्तुळ काढायला शिकल्या. फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं, हात कोपरात ताठ ठेवायचा आणि एका दमात फिरवायचा. वर्तुळ असं उमटे, की मुलं येऊन दोरीने मोजून जात आणि हरत.

तसंच वर्तुळ त्यांनी सात नंबरच्या फळ्यावर काढलं. मोठं, पायरीमुळे आता ऐसपैस. शाळा सुटली, त्या निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी विचारलं, "त्या वर्तुळाचा मध्य कुठे होता?"

"म्हणजे?"

"त्यांनी विचारलंय. मी दोरीने मोजलं, वर्तुळ सगळीकडून सारखं आहे. पण मध्ये ना खिळ्याचं भोक, ना खडूचा ठिपका. ते म्हणतात, मध्याशिवाय वर्तुळ होत नाही. तू नीट बघितलं नसशील. मी म्हटलं, चष्मा लावून बघितलं. तर रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर."

उत्तर बाईंच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. "मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या.

मग रोज सकाळी एकेक तर्क येऊ लागला. वाटी उपडी ठेवून काढलं असेल. एवढी मोठी वाटी नसते, मावशींनीच खोडून काढलं. ओल्या पिठाच्या गोळीत दोरी रोवली असेल. मावशींनी फळा हुंगून पाहिला. दोन माणसांनी मिळून काढलं असेल. त्यावर बाईंनीच मावशींना आठवण करून दिली, की पायरीवरच्या खडूच्या भुकटीत बुटाचे ठसे एकाच माणसाचे होते. बाईंना रोज सकाळी उठताना आज काय तर्क येणार याची उत्सुकता असे. यजमान फोनवर म्हणत, "अगं, सांगून टाक की म्हाताऱ्याला. कशाला त्याचा जीव टांगतेस?" आणि बाई म्हणत, "टांगलाय म्हणून तर हलतोय."

शुक्रवारी सकाळी सातला त्या शाळेत शिरल्या, तर जिन्याच्या तळाशी मावशी दोन्ही हात कमरेवर ठेवून वर बघत उभ्या होत्या. अर्ध्या जिन्यात दोन काठ्यांवर भार देऊन एक हडकुळा म्हातारा थांबला होता.

"घरापासून चालत आलेत," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "पाऊण तास लागला. हात लावू देत नाहीत."

बावीस पायऱ्या होत्या. बाई आणि मावशी मागून दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून, एकेक करत चढल्या. मध्ये दोनदा सगळे थांबले.

सात नंबरमध्ये पोचल्यावर काका (मावशींचे यजमान म्हणजे काकाच की) पहिल्या बाकावर बसले, काठ्या मांडीवर घेतल्या, श्वास खाली बसू दिला. मग बाईंकडे बघून म्हणाले, "काढा."

बाई पायरीवर चढल्या. हात ताठ केला आणि फिरवला.

"पुन्हा."

त्यांनी दुसरं काढलं. काका आता हाताकडे बघत नव्हते. तिसऱ्या वेळी त्यांचे डोळे बारीक झाले.

"खांदा," ते म्हणाले.

"हो."

"हात म्हणजे नुसता दांडा. बिजागरी खांद्यात आहे. मध्य फळ्यावर नाहीच, तुमच्यात आहे." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "मी सांगत होतो ना, मध्य असणारच."

"सांगत होतात," मावशी म्हणाल्या. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं आणि हातातल्या फडक्याने कोरडीच काच पुसत होत्या.

काका मात्र कपाळाला आठ्या घालून पायरीकडे बघत होते. "फिरवताना तुम्ही उजव्या पायावर भार देता. त्या जागी फळी दबतेय. आवाज ऐकलात? मला हे कळायला हवं होतं. तिथे आणखी एक पाया द्यायला हवा." एवढ्या लांबून चालत येऊन त्यांना स्वतःचीच चूक सापडली होती, आणि ते मनापासून चिडले होते.

बाई पायरीवरून उतरून त्यांच्या शेजारी बसल्या. आभाराची वाक्यं त्यांनी कित्येक दिवस घोकून ठेवली होती, व्याकरणासकट. पण काकांनी संधीच दिली नाही.

"तुम्ही वर्तुळवाल्या आहात तर एक सांगा," ते म्हणाले. "लाकडात अर्धगोल खाच कोरली की ती खरी गोल आहे का हे आम्ही गुण्याने बघतो. काटकोनाचा गुण्या. त्याच्या दोन भुजा खाचेच्या दोन काठांना टेकवायच्या आणि कोपरा आत फिरवायचा. कोपरा सगळीकडे टेकत गेला की खाच बरोबर. पन्नास वर्षं केलं. कधी फसलो नाही. पण का टेकतो? उस्तादांना विचारलं होतं. ते म्हणाले, टेकतो म्हणून टेकतो, काम कर."

बाईंचे डोळे चमकले. "हा धडा पुढच्या महिन्यात आहे," त्या म्हणाल्या. "आजच घेऊ."

तास सुरू झाला. मुलं आत आली आणि पहिल्या बाकावर म्हातारबाबा पाहून चिडीचूप झाली. बाईंनी सांगितलं, यांचा एक प्रश्न आहे, आणि तो यांनीच विचारावा. काकांनी वहीच्या कागदाचा कोपरा हातात धरून तोच प्रश्न मुलांना विचारला. मुलं आपापल्या कागदाचे कोपरे अर्धवर्तुळात फिरवून बघू लागली. टेकत होते.

मग बाईंनी फळ्यावर अर्धवर्तुळ काढलं, त्याच्या काठावर एक कोपरा घेऊन तो व्यासाच्या दोन्ही टोकांना जोडला आणि मध्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली. "या एका रेघेने दोन त्रिकोण झाले," त्या म्हणाल्या. "मध्यापासून काठ सगळीकडे सारख्याच अंतरावर. म्हणून दोन्ही त्रिकोणांना दोन-दोन बाजू सारख्या. बाजू सारख्या तर त्यांच्यासमोरचे कोनही सारखे. म्हणजे डावीकडच्या टोकाला जेवढा कोन, तेवढाच कोपऱ्याच्या डाव्या भागात. उजवीकडे जेवढा, तेवढाच उजव्या भागात. मोठ्या त्रिकोणाचे सगळे कोन मिळून एकशे ऐंशी. त्यातला निम्मा वाटा दोन टोकांचा, निम्मा कोपऱ्याचा. एकशे ऐंशीचं निम्मं किती?"

"नव्वद," वर्ग म्हणाला.

काकांनी ती रेघ बोटाने हवेत ओढून पाहिली. "एका रेघेचं काम होतं," ते म्हणाले. "आणि ती रेघ लाकडात दिसत नाही."

"दिसत नाही," बाई म्हणाल्या.

त्यानंतर काका दर शुक्रवारी येऊ लागले. उन्हाळ्यापर्यंत एक काठी सुटली. पायरीला तिसरा पाया लागला. दीपस्तंभांनी आपल्या डुगडुगणाऱ्या टेबलाबद्दल चार शब्द टाकले, तेव्हा काकांनी त्यांना टेबल कसं वापरू नये यावर अर्धा तास सुनावलं आणि मग ते दुरुस्त केलं. घरी फोनवर बाई हे सांगत तेव्हा सासूबाई म्हणत, "आता तुझ्यासारखे दोन झाले म्हणायचे. त्या बाईचं कठीण आहे."

ते खरंच होतं. एका सकाळी बाई लवकर आल्या, तर मावशी बादलीशेजारी पाठ टेकून उभ्या होत्या. "तुम्ही काही बरं केलं नाहीत," त्या म्हणाल्या. "आधी बोलत नव्हते. आता तोंड मिटत नाही. हे असं का, ते तसं का. आणि तुम्ही दोघं शुक्रवारी एकमेकांना विचारत बसता. मला मात्र कुणी काही विचारत नाही."

"म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"इतके महिने झाले. मी फळा वाचला, लोकर बघितली, दोरीला गाठी मारल्या. हे सगळं या बाईला कुठून येतं, असं तुमच्या मनात कधी आलं नाही?"

बाई खजील झाल्या. चौकशी खिडकी म्हणवून घेणाऱ्या त्या, आणि ज्या बाईपासून सगळं सुरू झालं तिला त्यांनी एक प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी दोन खुर्च्या ओढल्या, एकीवर स्वतः बसल्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आता विचारते. कुठून येतं?"

मावशींनी फडकं बादलीच्या कडेवर टाकलं, हात कोरडे केले आणि समोर बसल्या.

"मी टपाल खात्यात होते," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं. ज्या पत्रांवर पत्ता नीट नसायचा, ती माझ्या टेबलावर यायची. नुसतं टोपणनाव आणि गल्ली, नाहीतर पावसाने निम्मं पुसलेलं. त्यावरून माणूस शोधायचा. एकदा असं पाकीट आलं, की त्यावर पत्ताच नव्हता. नुसतं एका घराचं चित्र काढलेलं होतं, आणि दारात कुत्रा."

"मग?" बाई म्हणाल्या, आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.